बारा मायक्रॉन

अडिवेप्पा टायरवाला खाचेत रुपया घालून बघतो.
मी खिशातून व्हर्नियर काढला.
उद्यमबागच्या फाउंड्रीत सव्वीस वर्षं
हेच केलंय, झिजलेलं मोजायचं.
पुढचा डावा एक पूर्णांक सहा, उजवा एक पूर्णांक सात.
मागचे बरे म्हणावेत तर आतल्या कडेला
एकाची तार दिसलेली,
गुडघ्यात विरलेल्या पँटीतून दोरा दिसावा तशी.

“नाल्कू हाकबेकु,” तो म्हणाला.
एष्टु?
“इप्पत्मूरु साविरद नान्नूरु.”

कन्नडमध्ये ऐकली की रक्कम जरा लांबची वाटते,
शेजारच्या घरातल्या भांडणासारखी.
मग ती मराठीत उतरते, तेवीस हजार चारशे,
आणि आपल्याच कट्ट्यावर येऊन बसते.

मी म्हटलं, दोनच घाला. पुढचे.
तो म्हणाला, दोनच तर मग मागे. नवे मागे, जुने पुढे,
सगळी लोकं उलटं समजतात बघा.
यावर दहा मिनिटं गेली,
अर्धी त्याच्या भाषेत, अर्धी माझ्या.

तोवर मी टायरच्या पुठ्ठ्यावर हिशेब मांडला.
नवा आठ मिलिमीटर. उरले दीड-पावणेदोन.
बावन्न हजार किलोमीटर.
म्हणजे किलोमीटरला पंचेचाळीस पैसे,
पेट्रोल वेगळं, टोल वेगळा.

“मग गोव्याला गेलो ते किती?” रुक्मानं बाकावरून विचारलं.
चोर्ल्याचा घाट धरून सव्वाशे.
“आणि अपेक्षाला धारवाडला सोडायचो ते?”
एका खेपेला सत्तर. पण चार वर्षं,
महिन्यातून दोनदा तरी.
चारातला एक टायर तिचाच धर.
रुक्मा हसली. कुठला, म्हणाली.

संकेश्वरचं तिनं विचारलं तेव्हा हसत नव्हती.

जाऊन-येऊन शंभर. पंचेचाळीस रुपये.
रबर किती म्हणशील तर बारा मायक्रॉन,
केसाचा पाचवा हिस्सा.
तेवढं घासून आम्ही गंगूअक्काच्या दारात गेलो होतो,
कंग्राळीच्या प्लॉटवरून उभ्यानंच बोललो,
चहा आत उकळत होता, त्याचा वास येत होता,
आणि तसेच परतलो.
हत्तरगीच्या टोलपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.
तीन दिवाळ्या झाल्या.
हे पुठ्ठ्यावर लिहिलं नाही मी.

रुक्मानं पर्समधून भिशीचं पाकीट काढलं,
फ्रिजसाठी धरून ठेवलेलं.
“माठातलं पाणी पण गार असतंय की,” मला म्हणाली,
आणि त्याला, “नाल्कू हाक्री.”
तिचं कन्नड माझ्याहून सरस. ती बाजारात शिकली, मी मशीनवर.

जुन्यांचे दीड-दीडशे वजा झाले.
पोरगं एकेक ढकलत मागच्या अंगणात नेत होतं.
शेवटचा हातातून सुटला,
स्वतःभोवती फिरत राहिला बराच वेळ,
मग आडवा झाला.

नव्या टायरवर बारीक रबरी लव असते,
मिसरूड फुटल्यासारखी.
“पहिले शंभर किलोमीटर ब्रेक जपून,” अडिवेप्पा म्हणाला,
“सावकाश होग्री.”
सावकाश त्यांच्यातही सावकाशच.

किल्ल्याच्या तळ्यापाशी अनगोळकडे वळायचं.
इंडिकेटर लावला होता.
“शंभर म्हणजे कुठवर होतंय हो?” रुक्मानं विचारलं.
तिला ठाऊक होतं. मघाशी मीच सांगितलेलं.
मागून उसाचा ट्रॅक्टर आला, त्याच्या टेपवर मोठ्यानं काहीतरी लागलेलं,
तो हॉर्न मारत राहिला.
मी इंडिकेटर बंद केला.

चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही.
बसगाड्या, टँकर, एक वरातीची जीप,
सगळे आम्हाला ओलांडून गेले.
काकती मागं पडल्यावर रुक्मा म्हणाली,
कुंदा घ्यायचा राहिला की हो,
अक्काला आवडतो.